स्वप्न आणि अधिकार : सतराव्या शतकातील मराठी संतांच्या स्वप्नकथनांचे एक ऐतिहासिक वाचन

प्रास्ताविक

माणसाला स्वप्न का पडते आणि त्याचा अर्थ काय, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राच्या किंवा वैद्यकाच्या कक्षेतील मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र स्वप्न हे अडचणीचे साधन वाटते. त्या घटनेचा साक्षीदार एकच असतो आणि तोही निद्रिस्त! त्यामुळे संतचरित्रांतील स्वप्नांची वासलात आपण दोन प्रकारे लावत आलो आहोत. श्रद्धाळू चरित्रकार त्यांना चमत्कार म्हणून स्वीकारतो, तर चिकित्सक अभ्यासक ती प्रकरणे वगळून पुढे जातो. स्वप्न कोणी सांगितले, कोणासमोर सांगितले आणि ते सांगितल्याने काय साधले, हे प्रश्न दोघांकडूनही राहून जातात. प्रस्तुत निबंधात संत तुकाराम आणि संत बहिणाबाई यांच्या स्वप्नकथनांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

स्वप्नाच्या मीमांसा

आपल्याकडे स्वप्नाचा विचार जुना आहे. बृहदारण्यक उपनिषदात स्वप्नातील रथ, घोडे आणि रस्ते प्रत्यक्षात नसतानाही पाहणारा ते स्वतः निर्माण करतो, असे विवेचन येते. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज असे सात प्रकार सांगितले असून त्यांपैकी पहिले पाच निष्फळ मानले आहेत. पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले स्वप्नात उतरते, पण त्यावरून भविष्य कळत नाही, असा याचा अर्थ. फ्रॉइडने १९०० साल छापलेल्या आपल्या ग्रंथात स्वप्नाचे मूळ अपुऱ्या इच्छेत शोधले, तेव्हा ‘प्रार्थित’ या शब्दाची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. परंतु त्यावरून ‘आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. फ्रॉइडचा भर दडपलेल्या इच्छेवर आहे, चरकाचा रुग्णाच्या परीक्षेवर. १९५३ मध्ये शिकागो येथे निद्रेतील जलद नेत्रहालचालींचा शोध लागला आणि १९७७ मध्ये हॉब्सन व मॅकार्ली यांनी मेंदूच्या खालच्या भागातून उठणाऱ्या उत्तेजनांना मेंदू कथेचे रूप देतो, अशी उपपत्ती मांडली. तिच्यावर पुढे बरीच टीका झाली. या सर्व मीमांसा स्वप्न कसे घडते याविषयी आहेत. स्वप्न सांगितल्यावर समाजात काय घडते, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

तुकोबांची दोन स्वप्ने

तुकोबांच्या अभंगांत दोन स्वप्नांचा उल्लेख आहे. एकात नामदेव पांडुरंगासह येऊन कवित्व करण्याची आज्ञा देतात. दुसऱ्यात स्नानाला जाताना वाटेत गुरू भेटतात, मस्तकावर हात ठेवतात, ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र देतात आणि राघव चैतन्य, केशव चैतन्य व बाबाजी अशी परंपरा सांगतात. दिवस माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. या तिथीवारावरून साल काढण्याचा उद्योग अनेक अभ्यासकांनी केला, परंतु त्यांचे एकमत झाले नाही.

ही स्वप्ने कोणत्या आयुष्यात आली हे तुकोबांनी स्वतःच एका आत्मपर अभंगात सांगितले आहे. जात शूद्र, व्यवसाय व्यापाराचा, दुष्काळात दिवाळे निघालेले, पत्नी अन्नावाचून गेलेली. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ होता. या क्रमाने आपली कहाणी सांगत तुकोबा स्वप्नातील गुरूपदेशापर्यंत आणि मग कवित्वाच्या स्फूर्तीपर्यंत येतात. म्हणजे ‘तू कोण आणि तुला बोलण्याचा अधिकार काय?’ या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात स्वप्न आपल्या जागी येते.

हा प्रश्न काल्पनिक नव्हता. वाघोलीच्या रामेश्वर भटांचा आक्षेप नेमका हाच होता की, शूद्राच्या मुखातून वेदार्थ प्रकट होतो. महिपतीच्या ‘भक्तलीलामृता’त (१७७४) तुकोबा आपली वाणी देवाच्या आज्ञेने असल्याचे सांगतात आणि तरीही वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागतात. महिपती शतकाहून अधिक काळानंतर लिहितो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि तंट्याचे स्वरूप त्याने बरोबर पकडले आहे. शास्त्राने ज्याला गुरुगृहाचे दार बंद केले, त्याला गुरू निद्रेत भेटला. आणि तेथे द्वारपाल नव्हता.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. मग हे स्वप्न अधिकार मिळविण्यासाठी रचलेली युक्ती होती काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण पावशेर तूप हे आहे. त्या अभंगात गुरू भोजनासाठी पावशेर तूप मागतात आणि तुकोबा म्हणतात की, स्वप्नात त्याचा विसर पडला. काही अंतराय आला म्हणून गुरूंनी जाण्याची त्वरा केली. अधिकारपत्र रचणारा मनुष्य स्वतःची अशी चूक त्यात कशाला घालील? मागितलेली वस्तू न देता येणे, मध्येच खंड पडणे, भेटलेला माणूस घाईने निघून जाणे, ही प्रत्येकाच्या परिचयाच्या स्वप्नांची वीण आहे. हा पुरावा निर्णायक नाही हे मान्य. परंतु प्रामाणिक अनुभव आणि त्याचा सामाजिक उपयोग या परस्परविरोधी गोष्टी नाहीत.

तुलनेसाठी सभासदाच्या बखरीतील प्रसंग पाहावा. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या या बखरीत अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी मुत्सद्दी सलोख्याचा सल्ला देतात आणि महाराज श्रीभवानीने दर्शन देऊन अभय दिल्याचे त्यांना सांगतात. तेथे अधिकार आधीच हाती आहे. दर्शनाने निर्णयाला बळ येते. तुकोबांच्या बाबतीत अधिकाराचा आरंभच स्वप्नापासून होतो.

बहिणाबाई : स्वप्नातून परंपरेकडे

बहिणाबाईंचे (१६२८–१७००) प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. जन्म ब्राह्मण कुटुंबात, विवाह बालवयात, वर वयाने कितीतरी मोठा. कोल्हापूर येथे जयराम स्वामींच्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले. लळा लागलेले कपिला गाईचे वासरू मेले, त्या शोकात त्या भान हरपून पडल्या आणि त्याच अवस्थेत, तोवर कधीही न भेटलेल्या तुकोबांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. चरकाच्या भाषेत श्रुत आणि प्रार्थित यांचा संगम म्हणावा असे हे स्वप्न आहे.

त्याचा परिणाम मात्र घरात तत्काळ जाणवला. कीर्तनाच्या नादावरून पतीने त्यांना आधीच मारहाण केली होती. आता ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्राला गुरू केले, हा अपमान त्यांना असह्य झाला. पत्नीचा त्याग करून निघून जाण्याचा त्यांनी निश्चय केला. पुढे स्वतःच्या आजारपणात त्यांचे मन पालटले आणि सर्व कुटुंब देहूला गेले. तेथे मंबाजीने त्यांचा छळ केला. स्वप्नाने अधिकार मिळतो, संरक्षण मिळत नाही, हे बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनातून जितके स्पष्ट होते तितके तुकोबांच्या अभंगांतूनही होत नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गहिनी, निवृत्ती, ज्ञानेश्वर आणि पुढे राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी, तुकोबा अशी गुरुपरंपरा त्यांनी मांडली आणि तिच्या शेवटी स्वतःला ठेवले. या साखळीचे शेवटचे दोन दुवे, बाबाजी ते तुकोबा आणि तुकोबा ते बहिणाबाई, हे दोन्ही स्वप्नात जोडले गेले आहेत! एका शूद्र वाण्याला आणि एका स्त्रीला परंपरेत शिरण्यासाठी उपलब्ध असलेला मार्ग त्यांनी घेतला, आणि वारकरी समाजाने कालांतराने तो वैध मानला.

एक आधुनिक प्रकरण

नागपुरात हा विषय शिकविताना आणखी एका स्वप्नाचा उल्लेख टाळता येत नाही. बुद्धजन्मापूर्वी महामायेला पडलेले स्वप्न भारहुतच्या शिल्पात आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात आढळते. परंपरेत तिच्या कुशीत श्वेत हत्ती प्रवेश करतो. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा देणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. चमत्कारांना थारा न देणाऱ्या या ग्रंथकाराने ते स्वप्न गाळले नाही. त्याचा अर्थ सांगणारे आठ ब्राह्मणही ठेवले. हत्ती मात्र काढला. त्याच्या जागी सुमेध नावाचा बोधिसत्त्व महामायेसमोर येतो, पृथ्वीवर आपला अखेरचा जन्म घेण्याचा निश्चय तिला सांगतो आणि माझी माता होण्यास तू संमती देशील काय, असे विचारतो. ती आनंदाने होकार देते आणि मग जागी होते.