नाव अर्हताचं, स्वभाव पहारेकऱ्याचा

शोभिवंत माशांच्या दुकानात कधी कधी एका टाकीत एकच मासा ठेवलेला दिसतो. जवळजवळ फूटभर लांब, लालभडक, कपाळावर भलंमोठं टेंगूळ. काचेजवळ बोट नेलं की तो अंगावर धावून येतो. याला फ्लॉवरहॉर्न म्हणतात. इतर माशांसारखं शास्त्रीय नाव त्याला नाही, कारण हा मासा निसर्गात नव्हताच. माणसानं तो गेल्या तीसेक वर्षांत संकर करून घडवला. पण त्याचं भांडकुदळपण? तेही माणसानंच घडवलं का? ते समजण्यासाठी आपल्याला त्याच्या पूर्वजांकडे जायला हवं.

फ्लॉवरहॉर्नचे पूर्वज सिक्लिड कुळातले. हे कूळ अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर आणि दक्षिण आशियात पसरलेलं आहे. गोव्याच्या खाड्यांमधला कालुंदर याच कुळातला. उजनीच्या जलाशयातली चिलापी हीसुद्धा सिक्लिडच. ती मूळची आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणली गेली. रोहू-कटल्यासारखे मासे पाण्यात लाखो अंडी सोडतात आणि निघून जातात. सिक्लिड तसं करत नाहीत. ते अंडी-पिल्लांची राखण करतात. राखण करायची तर हद्द आखावी लागते, आणि हद्दीत शिरणाऱ्याला हुसकावून लावावं लागतं. म्हणजे ज्याला आपण भांडखोरपणा म्हणतो, तो मुळात पहारा आहे.

निकाराग्वाच्या सरोवरांमधला मिडास सिक्लिड पाहा. नर-मादीची जोडी तळाशी खडकांच्या आडोशाला जागा धरते. दोघं मिळून अंडी सांभाळतात. पिल्लं पोहू लागली की ती आईबापांच्या अंगावरचा चिकट स्रावही खातात. या काळात जोडी कोणालाच जवळ फिरकू देत नाही. पण सरोवर मोठं असतं. हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तिथंच मिटतं. घरातल्या टाकीत मात्र काच आडवी येते. हरलेला पळणार कुठं? जिंकणाऱ्याच्या दृष्टीनं तो अजून हद्दीतच आहे. त्यामुळे मार चालूच राहतो, आणि सकाळी एक मासा मेलेला आढळतो. मासा अधिक दुष्ट झालेला नसतो, पळायची वाट बंद झालेली असते.

टाकीतली ही भांडणं एका मोठ्या शास्त्रीय वादालाही कारण झाली. ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ हे प्राणिवर्तनाचे अभ्यासक. 1973 साली त्यांना दोघा शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. आक्रमकतेवरच्या आपल्या 1963 सालच्या पुस्तकात त्यांनी सिक्लिड जोड्यांची एक गंमत नोंदवली आहे. मध्ये काच घालून शेजारी-शेजारी दोन जोड्या ठेवल्या, की दोन्हीकडचे नर एकमेकांवर काचेतून चाल करत आणि घरात शांतता राही. काचेवर शेवाळ साचून शेजारी दिसेनासा झाला, की नर आपल्याच मादीला त्रास देऊ लागे. काच पुसली की पुन्हा सगळं सुरळीत! यावरून लोरेन्झ म्हणाले, की आक्रमकता भांड्यातल्या पाण्यासारखी आत साठत जाते आणि तिला वाट द्यावीच लागते. माणसालाही त्यांनी हेच लागू केलं. नंतरच्या अभ्यासकांनी यावर कडक टीका केली. प्राणी किती भांडतो हे जागा, ऋतू, समोरचा प्राणी आणि आधीचे अनुभव यांवर ठरतं, असं आज मानलं जातं. निरीक्षण नेमकं होतं, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र फार लांब गेला.

आता माणसाचा हात कुठं लागला ते पाहू. 1980 च्या दशकात तैवानमध्ये सिक्लिडांच्या संकरातून ‘ब्लड पॅरट’ नावाचा मासा तयार झाला. त्याचं तोंड नीट मिटतही नाही. 1990 च्या दशकात मलेशियातल्या मत्स्यपालकांनी मिडास आणि त्याच्या नातलग जातींचे संकर करून फ्लॉवरहॉर्न आणला. यातल्या काही जातींची निसर्गात गाठही पडत नाही. मिडास अटलांटिककडे वाहणाऱ्या पाण्यातला, तर तीन ठिपक्यांचा ट्रायमॅक्युलेटम पॅसिफिककडच्या नद्यांमधला. टाकीत त्यांना एकत्र आणलं गेलं. मिडास नराच्या कपाळावर निसर्गात विणीच्या हंगामापुरता उंचवटा येतो. तोच मोठा आणि कायमचा व्हावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली. टेंगूळ आणि अंगावरची अक्षरांसारखी काळी नक्षी भाग्याची मानली गेली, किमती गगनाला भिडल्या. चिनी भाषेत या माशाला ‘लुओहान’, म्हणजे अर्हत म्हणतात. राग-लोभ जिंकलेल्या पुरुषाचं नाव आलं ते या तापट माशाच्या वाट्याला!

हौस ओसरली तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. एवढा मोठा, एकटाच ठेवावा लागणारा मासा अनेकांना नकोसा झाला. मलेशिया आणि सिंगापूरमध्ये हे मासे उघड्या पाण्यात पोचले. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरचं मातानो सरोवर सुमारे 590 मीटर खोल आहे. जगात इतरत्र नसलेले मासे, गोगलगायी आणि झिंगे तिथं राहतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात तिथं फ्लॉवरहॉर्न आढळल्याची नोंद आहे. तिथल्या माशांच्या पूर्वजांनी असा शेजारी कधी पाहिलेला नव्हता. आणि इथं पहाऱ्याचा तोच गुण उलटा पडतो. आईबाप पिल्लं राखतात, म्हणून सोडून दिलेल्या मोजक्या जोड्यांपासूनही वस्ती उभी राहू शकते.

शाळेत मत्स्यालय ठेवणाऱ्यांसाठी यात दोन गोष्टी आहेत. असा मासा ठेवायचाच असेल तर मोठ्या टाकीत आणि एकटा ठेवावा. आणि तो नकोसा झाला, तर विहिरीत, तळ्यात किंवा नदीत कधीही सोडू नये. दुकानदाराकडे किंवा सांभाळू शकणाऱ्या दुसऱ्या हौशी माणसाकडे द्यावा. ‘बिचाऱ्याला मोकळं करूया’ असं मुलं म्हणतील. त्यामागची दया खरी आहे. म्हणूनच तिथं थांबून त्यांना विचारायला हवं, की ज्या पाण्यात आपण त्याला सोडणार, त्या पाण्यात आधीपासून कोण राहतं?