जुनी बाइक सिग्नलवर बंद का पडते? दोष कसा शोधायचा?

भोसरीत, मोशीत किंवा चाकणच्या तळेगाव चौकात गाडी थांबते. रेस सोडताच जुनी बाइक दोन आचके देते आणि बंद पडते. मागे कंटेनर, बाजूला कंपनीच्या बस. किक मारली की चालू होते, पळतेही छान, पण पुढच्या चौकात पुन्हा तेच.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा दुचाकींचाच पट्टा. बजाज ऑटोचं मुख्यालय आकुर्डीत. कंपनीचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला आणि पल्सर बाजारात आली २००१ मध्ये. त्या पहिल्या पल्सर, १९८६ पासूनच्या कावासाकी बजाज केबी १०० आणि म्हैसूरला बनलेल्या येझदी आजही अनेकांनी जपल्या आहेत. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे कार्बोरेटर. सिग्नलवर बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

रेस सोडल्यावर नेमकं काय होतं?

रेस दिलेली असताना पेट्रोल मुख्य जेटमधून येतं. रेस पूर्ण सोडली की ते जवळपास थांबतं आणि इंजिन पायलट जेटवर चालतं. मेकॅनिक याला स्लो जेटही म्हणतात. त्याचं छिद्र बहुतेक लहान बाइकमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. कचऱ्याचा एक कण तिथे अडकला तरी इंजिन उपाशी राहतं. म्हणूनच गाडी पळते छान, पण थांबत्या रेसवर टिकत नाही.

गाडी कधी बंद पडते, ते आधी पाहा

- चोक ओढल्यावर चालू राहते: पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय.
- रेस आपोआप वर-खाली होते: कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरातून हवा शिरत असण्याची शक्यता जास्त.
- प्लग काळा आणि काजळी धरलेला: पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर आणि अर्धवट अडकलेला चोक तपासा.
- गरम झाल्यावरच बंद पडते: कॉइल किंवा कंडेन्सर बघावा लागेल. फोर-स्ट्रोकमध्ये टॅपेट फार टाइट असले तरी असंच होतं.

तपासणी स्वस्तापासून सुरू करा

१. आधी प्लग आणि एअर फिल्टर. अनेक जुन्या बाइकमध्ये प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिमी असते.

२. कॉक बंद करून फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल बाटलीत काढा. तळाला पाणी किंवा गाळ दिसला तर टाकी आणि कॉकची जाळीही साफ करावी लागेल.

३. पायलट जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवेच्या प्रेशरने साफ करा. त्यात तार घालू नका. छिद्र मोठं झालं तर जेट बदलावाच लागतो.

४. जोडाचं रबर वाकवून भेगा बघा. चालू, गरम इंजिनवर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून लीक शोधू नका. आग लागू शकते.

५. पॉइंट असलेल्या गाड्यांमध्ये पॉइंटची गॅप आणि कंडेन्सर तपासून घ्या.

स्क्रू शेवटी

बरेच जण पहिल्यांदा रेसचा स्क्रूच पिळतात. त्याने रेस वाढते, पण दोष फक्त झाकला जातो. कचरा आणि लीक यांचा निकाल लागल्यावर, इंजिन गरम असताना मिक्श्चरचा स्क्रू लावावा. तो हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन मॅन्युअलमध्ये दिले असतील तेवढे आटे बाहेर काढा. अनेक गाड्यांमध्ये ते दीडच्या आसपास असतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो बाहेर काढल्यावर हवा वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल वाढतं. हा फरक न कळल्यामुळे ट्युनिंग उलटं होतं.

ई-२० पेट्रोलचा संबंध आहे का?

आहे. या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा शोषतं. गाडी महिनाभर उभी राहिली तर वाटीत पाणी आणि चिकट थर साचू शकतो. जुन्या रबरी भागांनाही ते मानवत नाही. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या.

पीयूसीचाही प्रश्न

पेट्रोल दुचाकीची पीयूसी तपासणी थांबत्या रेसवरच होते. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना ४.५ टक्के आहे, त्यानंतरच्या बीएस-४ पूर्वीच्या दुचाकींना ३.५ टक्के. बंद पडू नये म्हणून नुसतं पेट्रोल वाढवून ठेवलेली बाइक इथे अडकू शकते.

हे सगळं करूनही गाडी टिकत नसेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे सीलही बघावे लागतात. मात्र ते काम इंजिन खोलण्याचं आहे, जाणकार मेकॅनिककडेच द्या. आणि दोष सापडेपर्यंत हायवेच्या गर्दीत ती गाडी नेऊ नका.