जाळ्यातून सुटलेला, सांडपाण्यात संपलेला : कॉन्स्टन्स सरोवरातील किल्ख (थ्रेड)

१/ जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मधोमध, आल्प्सच्या पायथ्याशी कॉन्स्टन्स सरोवर पसरले आहे. त्याच्या खोल तळाशी 'किल्ख' नावाचा मासा राहत असे. विसाव्या शतकात तो नामशेष झाला. त्याला संपवले ते कोळ्याच्या जाळ्याने नव्हे, तर घराघरांतल्या सांडपाण्याने.

२/ किल्ख हा गोड्या पाण्यातील 'व्हाइटफिश' गटातला. सामन आणि ट्राउट यांचे हे चंदेरी नातलग युरोप, सायबेरिया आणि उत्तर अमेरिकेतील थंड सरोवरांत आढळतात. हिमयुग ओसरल्यावर नव्याने तयार झालेल्या सरोवरांत ते शिरले. पुढे पाण्याची खोली आणि खाद्य यांनुसार त्यांचे निरनिराळे प्रकार घडत गेले.

३/ कॉन्स्टन्सच्या कोळ्यांना असे चार प्रकार ठाऊक होते : खुल्या पाण्यातला ब्लाउफेल्खेन, गांगफिश, किनाऱ्यालगतचा सांडफेल्खेन आणि तळाचा किल्ख. शास्त्रज्ञांनीही पुढे या चारांना स्वतंत्र जाती मानले.

४/ या सरोवराच्या मुख्य भागात तिन्ही देशांची सर्वमान्य सीमारेषा आजही नाही. तरीही १८९३ मध्ये काठावरील राज्यांनी ब्रेगेन्झ येथे करार करून मासेमारीचे समान नियम ठरवले. सीमेचा प्रश्न अनिर्णित ठेवून मासे जपण्याची ही दूरदृष्टी विलक्षणच म्हणावी लागेल.

५/ पण कराराची नजर जाळ्यावर होती. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरे वाढली, कपडे धुण्याच्या पावडरी आल्या आणि सांडपाण्यातून फॉस्फरस सरोवरात उतरू लागला. पूर्वी एका लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून कमी असलेले त्याचे प्रमाण १९७० च्या दशकाअखेर ८० च्या वर गेले.

६/ फॉस्फरसमुळे शेवाळ माजले. ते मरून तळाशी कुजताना तिथला प्राणवायू संपू लागला आणि खोल पाण्यातली अंडी गुदमरली. किल्खला इतरांपासून वेगळे ठेवणारी भिंत म्हणजे हीच खोली. ती भिंत ढासळली आणि जातींचा आपसांत संकर झाला.

७/ १९५९ मध्ये सरोवराच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रे उभी राहिली. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडने कपड्यांच्या पावडरीतील फॉस्फेटवर बंदी घातली. पाणी पुन्हा निर्मळ झाले. किल्ख मात्र परतला नाही.

८/ आता दप्तरखान्याकडे वळू. संशोधकांनी माशांचे जुने खवले जपून ठेवले होते. त्यांतून मिळालेल्या डीएनएचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. किल्खच्या जनुकांचा बराच अंश उरलेल्या तीन जातींत टिकून असल्याचे त्यातून दिसले. मूळ बखर जळावी आणि तिच्यातले उतारे इतर बखरींत सापडावेत, तसेच हे. पण उताऱ्यांवरून मूळ बखर पुन्हा उभी राहत नाही.

९/ उरलेल्या जातीही आज संकटात आहेत. मासे इतके घटले की २०२४ पासून तीन वर्षांसाठी त्यांच्या मासेमारीवर बंदी घालण्यात आली. करार वाचताना त्यात काय लिहिले आहे ते आपण पाहतोच. लिहिणाऱ्यांच्या नजरेपलीकडे काय राहिले, तेही शोधायला हवे. १८९३ च्या करारात कोळ्याचे जाळे होते, धुण्याची बादली नव्हती. किल्ख त्या बादलीत बुडाला.