रोमन जगातील विदेशी प्राणी : चित्रे आणि हाडे

इ.स. 80 मध्ये कोलोसियमच्या उद्घाटनाच्या खेळांत सुमारे 9,000 प्राणी मारले गेले, असे डिओ कॅसियस सांगतो. पण त्याने हे लिहिले शतकाहून अधिक काळानंतर. असे आकडे बाजूला ठेवले तर हाती काय उरते?

सर्वांत बोलका पुरावा सिसिलीतील पियात्सा आर्मेरिना येथील चौथ्या शतकातील प्रासादात आहे. तेथील सुमारे 60 मीटर लांबीच्या मार्गिकेच्या जमिनीवरील मोझेइकमध्ये पकडलेला गेंडा, बैलगाडीवरील पिंजरा, शहामृग उचलून जहाजावर चढवणारे नोकर असा सारा व्यवहार दिसतो. मात्र त्याच चित्रात ग्रिफिन हा काल्पनिक प्राणीही आहे! म्हणजे चित्रकाराने सगळेच डोळ्यांनी पाहिले होते, असे धरून चालता येत नाही.

हाडे कमी सापडतात, पण ती अधिक खात्रीची असतात. कोलोसियमच्या गटारांत अस्वलांची व मोठ्या मार्जारकुळातील प्राण्यांची हाडे मिळाली. इंग्लंडमधील यॉर्क येथे तर पुरावा माणसाच्याच हाडावर आहे : एका सांगाड्याच्या कटिरास्थीवर सिंहासारख्या प्राण्याच्या दातांच्या खुणा असल्याचे 2025 मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे स्थळ म्हणजे इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदर. तेथील पाळीव प्राण्यांच्या दफनभूमीत भारतीय जातींची माकडे सापडली. मिरी आणणाऱ्या मार्गानेच तीही आली असावीत. ती आखाड्यासाठी नव्हती. काहींच्या शेजारी शंख-शिंपले ठेवून त्यांना काळजीपूर्वक पुरलेले होते.