आधी गुसल की आधी अजान?

गेल्या थंडीत माझ्या भाचीला मुलगा झाला. नर्सने बाळ पुसून, दुपट्यात गुंडाळून बाहेर आणले आणि सांगितले, आज आंघोळ नाही, उद्या बघू. बाळाचे दादा अजान द्यायला वजू करून उभेच होते. पण माझ्या फुफीने त्यांना अडवले. "बिनन्हालेल्या लेकराच्या कानात अल्लाचं नाव घेणार? आधी गुसल होऊ द्या." म्हातारीपुढे कोण बोलणार? अजान लांबली, आणि थोड्या वेळाने कोणीतरी गरम पाण्याची चौकशी करायला निघाले.

आपल्या बहुतेक घरांत रीत अशीच आहे: आधी न्हाऊ घालायचे, मग उजव्या कानात अजान, डाव्यात इकामत. पूर्वी बाळंतपण घरात होई, चुलीवर पाणी तापलेलेच असे, सुईण नाळ कापून लगेच बाळाला न्हाऊ घाली. दोन्ही गोष्टी पाठोपाठ होत गेल्या आणि पाहता पाहता पहिली दुसरीची अट होऊन बसली. नबी (स.) यांनी नातू हसन यांच्या कानात अजान दिली, ही अबू राफे यांची रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. तिच्या सनदीबद्दल मुहद्दिसांत मतभेद आहेत, ते बाजूला ठेवू. पण तिच्यात आंघोळीचा उल्लेख नाही. अंगाला लागलेले रक्त पुसले की झाले. अजानसाठी बाळाच्या गुसलची अट नाही.

हे मी फुफीला सांगितले तेव्हा तिने विचारले, "मग आपले जुने हकीम काय येडे होते?" प्रश्न बरोबर होता. म्हणून घरी आल्यावर इब्न सीनाच्या 'अल-कानून'चे उर्दू भाषांतर काढले.

इब्न सीना बुखाराजवळ 980 साली जन्मला, 1037 मध्ये हमदानला वारला. 'कानून'चे पाच भाग. त्यांतल्या पहिल्याच भागात, आरोग्य राखण्याच्या प्रकरणात, नवजात बाळाची निगा येते. तो एकटाच नव्हता. त्याच्याआधी, दहाव्या शतकात, कैरवानच्या इब्न अल-जज्जारने आणि कुर्तुब्याच्या अरीब इब्न सअदने बाळांच्या संगोपनावर लिहिले होते. पण इब्न सीनाची वाक्ये वाचताना वाटते की हा माणूस न्हाणीघराच्या दारात उभा राहून पाहत होता. नाळ चार बोटे अंतरावर कापा, स्वच्छ मऊ लोकरीच्या धाग्याने बांधा. (आपल्याकडे सुश्रुताने आठ अंगुळे सांगितली आहेत.) बाळाला कोमट पाण्याने न्हाऊ घाला. नाक साफ करणाऱ्या बोटाचे नख कापलेले असावे. कानात पाणी जाऊ देऊ नका. मग मऊ कापडाने हलके टिपून कोरडे करा. कारणही तो देतो: गर्भातून नुकत्याच आलेल्या त्या त्वचेला बाहेरचे सगळेच खरखरीत आणि थंड लागते.

इथवर वाचून छाती फुगते. आपल्यातल्या वक्त्यांना इथेच थांबायला आवडते, "हजार वर्षांपूर्वी आपल्या हकिमांना सगळे ठाऊक होते" म्हणून. पण त्याच पानावर पुढे मीठ येते. त्वचा कणखर व्हावी म्हणून बाळाचे अंग सौम्य मिठाच्या पाण्याने धुवा, फक्त नाकातोंडात जाऊ देऊ नका. ही युक्ती त्याची स्वतःची नव्हती. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य सोरेनस हेच सांगतो, आणि त्याच्याही कितीतरी आधी यहुद्यांच्या यहेज्केल नबींच्या ग्रंथात बाळाला मीठ चोळण्याचा उल्लेख आहे. तुर्कस्तानच्या काही भागांत ही चाल अलीकडेपर्यंत टिकून होती. नवजात त्वचा फार पातळ, मीठ आत शिरते, रक्तातले प्रमाण वाढते. अशी बाळे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. इब्न सीनाने थंडीची भीती अचूक ओळखली आणि मिठात चुकला. दोन्ही सांगायला हवे. त्याने स्वतः जालिनूसलाही जागोजागी खोडले आहे.

त्याची थंडीची भीती आजचे शास्त्रही मानते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिली आंघोळ जन्मानंतर 24 तासांनी घालावी. घरच्या रीतीमुळे तेवढे थांबणे शक्यच नसेल तर निदान 6 तास तरी थांबावे. ओले बाळ फार लवकर गार पडते, आणि गार पडलेले बाळ नीट दूध ओढत नाही. अंगावरचा जो पांढरा, लोण्यासारखा थर आपण घाण समजून खरवडतो, तो त्याच्या त्वचेचे रक्षण करतो. वजन कमी असेल तर आणखी थांबायचे, डॉक्टर सांगतील तोवर. नाळ गळेपर्यंत ओल्या फडक्याने पुसले तरी पुरते. नाळेवर राख, हळद, तेल, काहीही लावायचे नाही. पूर्वी अशा लेपांतून आणि गंजक्या विळीतून धनुर्वात होऊन किती बाळे जात!

हे सगळे एकदम बोललो नाही. तिथे फक्त अजानबद्दल बोललो, आणि दादांनी पुसलेल्या बाळाच्या कानात अजान दिली. फुफी गप्प राहिली, पण तोंड फिरवून.

नाळ गळल्यावर घरी न्हाऊ घालायची वेळ आली तेव्हा मात्र तीच पुढे झाली. दार-खिडकी लावून घेतली. घमेल्यात आधी थंड पाणी, मग गरम, असे मी सुचवले. तिने मला बाजूला केले. बंबातले कढत पाणी लांब ठेवून वेगळ्या बादलीत विसण घातले, हाताने ढवळले आणि कोपर बुडवून पाहिले. पाटावर बसून पाय लांब केले, बाळ नडग्यांवर घेतले, मान एका तळव्यात. साबण जवळजवळ नाहीच. पाच मिनिटांत आंघोळ आटोपून टॉवेलात गुंडाळले, काखा आणि मानेच्या वळ्या टिपल्या. तिने 'कानून' वाचलेला नाही. माझ्यापेक्षा तिला त्यातले जास्त येत होते.

वाद झाला तो तेलावर. बाळाच्या नाकात दोन थेंब सोडायला तिने बोट बुडवले होते. ते तेल फुप्फुसात उतरून न्युमोनिया होतो, हे मी सांगितले. ओवा-लोबानची धुरीही नको म्हणालो. "इब्न सीना डोळ्यात तेल घाला म्हणतो, असं तूच काल वाचलंस," ती म्हणाली. वाचले होते खरे. मी म्हणालो, मीठही तोच सांगतो, ते घालू या का? फुफीने माझ्याकडे पाहिले, तेल टाळूवर जिरवले आणि शेगडी अंगणात नेऊन ठेवायला सांगितली.