आकाशगंगेतील ओझेवाहू : 'स्टार वॉर्स'मधील गाढवांचे भाऊबंद

प्रकाशाहून वेगाने धावणारी याने, असंख्य भाषा जाणणारे यंत्रमानव आणि एका प्रहारात संपूर्ण ग्रह नष्ट करणारी शस्त्रे असलेल्या विश्वात गाढवाचे काय काम, असा प्रश्न कोणालाही पडेल. मात्र जॉर्ज लुकास यांनी १९७७ साली पडद्यावर आणलेल्या 'स्टार वॉर्स'च्या विश्वात पाठीवर ओझे वाहणाऱ्या प्राण्यांना पहिल्या चित्रपटापासून स्थान आहे. गाढवाचे काम तेथे निरनिराळ्या नावांचे प्राणी करतात. कथेतील वीर आणि खलनायक बदलत गेले, २०१२ मध्ये 'लुकासफिल्म' ही निर्मितिसंस्था 'डिस्ने'च्या मालकीची झाली, तरी हे ओझेवाहू टिकून राहिले. ते कोठे दिसतात आणि त्यांच्यावर कोण बसते, हे पाहिले असता या विश्वातील गरिबी नेमकी कोठे वसते, याचाही उलगडा होतो.

इओपी : वाळवंटातील गाढव

गाढवाशी सर्वाधिक जवळीक सांगणारा प्राणी म्हणजे 'इओपी'. फिकट कातडीचा, लोंबत्या आखूड सोंडेसारख्या नाकाचा हा चतुष्पाद १९९९ च्या 'द फँटम मेनेस' या चित्रपटात प्रथम दिसला. त्याचे वसतिस्थान टॅटूइन हा दोन सूर्यांचा वाळवंटी ग्रह.

या चित्रपटातील वेगवान यानांची शर्यत गाजली. अनाकिन हा गुलाम मुलगा त्या शर्यतीत स्वतः बांधलेले यान चालवतो. मात्र शर्यतीपूर्वी त्या यानाची अवाढव्य इंजिने मैदानापर्यंत ओढून आणतात ते इओपीच. आकाश दणाणून सोडणारे यंत्र आणि त्यापुढे मान खाली घालून चालणारे जनावर, हे दृश्य काही क्षणांचेच आहे. ज्या वस्तीत माणसांचीही खरेदी-विक्री होते, तेथे स्वस्तातील श्रम कोण करतो, हे मात्र त्यातून स्पष्ट होते.

पुढे २००५ च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'च्या अखेरीस ओबी-वान केनोबी हा पराभूत योद्धा नवजात ल्यूकला त्याच्या नातलगांच्या शेतघरी पोहोचवतो. कालपर्यंत युद्धनौकांतून वावरणारा हा सेनानी तेथे येतो, तो इओपीवर बसून. त्यानंतरच्या काळाची कथा सांगणाऱ्या २०२२ च्या 'ओबी-वान केनोबी' या मालिकेत तो वाळवंटात मांस कापण्याची मजुरी करतो, गुहेत राहतो आणि त्याचे वाहन इओपीच असते. अज्ञातवासातील माणसाला याहून योग्य वाहन मिळाले नसते. इओपीवरून जाणाऱ्या मजुराकडे कोणी वळून पाहत नाही.

'द फँटम मेनेस'साठी प्राण्यांची संकल्पचित्रे साकारण्यात टेरिल व्हिटलॅच या चित्रकर्तीचा मोठा वाटा होता. प्राणिशास्त्राचा अभ्यास असल्याने सांधे, स्नायू आणि चाल यांचा विचार करून त्या काल्पनिक प्राणी रेखाटत. या विश्वातील जीवसृष्टीवर बॉब कराऊ यांच्यासह त्यांनी केलेले सचित्र पुस्तक २००१ साली प्रसिद्ध झाले.

पूर्वपरंपरा

विज्ञानकथेत याने आणि जनावरे एकत्र नांदण्याची परंपरा लुकास यांच्याही आधीची आहे. एडगर राइस बरोज यांची मंगळावरील पहिली कथा १९१२ साली मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत हवेत तरंगणारी जहाजे आहेत आणि योद्ध्यांना वाहून नेणारा 'थोट' हा अनेक पायांचा प्राणीही आहे. बरोज यांच्या या कथांचा प्रभाव लुकास यांच्यावर होता, हे सर्वज्ञात आहे.

बँथा : मुखवट्यामागील हत्तीण

पहिल्या चित्रपटातील सर्वांत लक्षवेधी प्राणी म्हणजे 'बँथा'. मेंढ्यासारखी वळलेली प्रचंड शिंगे आणि जमिनीपर्यंत लोंबणारी लोकर असलेला हा प्राणी टस्कन या वाळवंटी टोळीचे वाहन आहे. पडद्यावर बँथाची भूमिका केली ती मार्जी नावाच्या आशियाई हत्तिणीने. कॅलिफोर्नियातील एका प्राणी-उद्यानातील ही हत्तीण त्या वेळी २२ वर्षांची होती.

टॅटूइनच्या वाळवंटाचे मुख्य चित्रीकरण १९७६ साली ट्युनिशियात झाले होते. हत्तिणीला तेथे नेणे शक्य नव्हते. त्यामुळे बँथाची दृश्ये अमेरिकेतील डेथ व्हॅली येथे टिपण्यात आली. मार्जीच्या अंगावर झावळ्यांपासून केलेली लोकर चढवण्यात आली, तर शिंगांसाठी हवा खेळती ठेवण्याच्या लवचीक नळ्या वापरण्यात आल्या.

कथानकातही बँथाचे महत्त्व कमी नाही. भंगार गोळा करणाऱ्या जावा जमातीची कत्तल टस्कन टोळीने केली, असे वरकरणी दिसते. ओबी-वान मात्र वाळूतील पाऊलखुणा पाहतो. टस्कन आपली संख्या लपवण्यासाठी बँथांना एकामागोमाग एक चालवतात आणि येथील ठसे तर शेजारीशेजारी आहेत. खरे मारेकरी साम्राज्याचे सैनिक आहेत, हे त्यावरून उघड होते. जनावरांच्या चालीची माहिती असलेल्या माणसालाच ही बनवाबनवी ओळखता येते. ल्यूकच्या घरी जेवणाच्या मेजावर दिसणारे निळे दूध बँथाचे, असे या विश्वाविषयीच्या नंतरच्या साहित्यात सांगितले गेले. म्हणजे ओझे, प्रवास आणि दूध अशी तिहेरी गरज हा एकच प्राणी भागवतो.

टॉनटॉन : हिमवादळातील बळी

१९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये कथा हॉथ या हिमग्रहावर जाते. त्यासाठी नॉर्वेतील फिन्से येथील हिमनदीच्या परिसरात १९७९ साली चित्रीकरण झाले. बंडखोरांची छोटी विमाने अतिथंडीत चालत नाहीत, म्हणून टेहळणीसाठी ते 'टॉनटॉन' या दोन पायांच्या केसाळ प्राण्यावर स्वार होतात.

ल्यूक वादळात हरवतो. त्याला शोधायला निघालेल्या हान सोलोला सहकारी बजावतात, की टॉनटॉन पहिल्या टप्प्याआधीच गोठून मरेल. हान तरीही निघतो. तो ल्यूकपर्यंत पोहोचतो आणि त्याच ठिकाणी टॉनटॉन कोसळतो. ल्यूकला ऊब मिळावी म्हणून हान त्या मृत प्राण्याचे पोट फाडून मित्राला आत ठेवतो. 'गाढव मेले ओझ्याने, शिंगरू मेले हेलपाट्याने' ही म्हण मराठीत प्रसिद्ध आहे. टॉनटॉनच्या वाट्याला हेलपाट्याचे मरण येते आणि मेल्यावरही तो कामीच येतो. नायक वाचल्याचा आनंद चित्रपटात आहे. जनावरासाठी मात्र कोणी थांबत नाही.

धावणारा टॉनटॉन फिल टिपेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान प्रतिकृती चौकटीगणिक हलवून साकारला. जवळच्या दृश्यांसाठी पूर्ण आकाराची बाहुली वापरली गेली. याच चित्रपटात राजकन्या लेया हानला 'नर्फ राखणारा' म्हणून हिणवते. नर्फ ही त्या विश्वातील पाळीव जनावरे. मराठीत गाढवाचे नाव शिवी म्हणून वापरले जाते, तेथे गुराख्याचा व्यवसायच शिवी झाला आहे.

संगणकाने दिलेले पाय

पहिल्या चित्रपटात सैनिकांचे वाहन असलेला 'ड्यूबॅक' हा सरड्यासारखा प्राणी म्हणजे जागचा न हलणारा पुतळा होता. १९९७ साली चित्रपटाची सुधारित आवृत्ती प्रदर्शित झाली, तेव्हा संगणकाच्या साह्याने ड्यूबॅक चालू लागले. त्याच आवृत्तीत मॉस आयस्ली या बंदराच्या गावात उंच मानेचा 'रॉन्टो' हा नवा ओझेवाहू अवतरला. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'मधील लांब मानेच्या डायनोसॉरच्या संगणकीय प्रतिकृतीत फेरफार करून तो घडवण्यात आला होता.

जाकूवरील अर्धे यंत्र, अर्धा जीव

२०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये जाकू हा आणखी एक वाळवंटी ग्रह येतो. जुन्या युद्धनौकांचे भंगार विकून तेथील लोक पोट भरतात. तेथे दिसणारा 'लगाबीस्ट' हा ओझेवाहू प्राणी चिलखतात आणि यंत्रभागांत इतका गुरफटलेला आहे, की त्याचा चेहराही दिसत नाही. जनावर कोठे संपते आणि अवजार कोठे सुरू होते, हे सांगणे अवघड व्हावे, अशी त्याची रचना आहे.

तेथील बाजारात 'हॅपाबोर' हा डुकरासारखा महाकाय प्राणीही आहे. साम्राज्याचा वारसा सांगणाऱ्या सैन्यातून पळालेला फिन तहानेने व्याकूळ होऊन याच प्राण्याच्या हौदातले घाण पाणी पितो. ज्याला लहानपणापासून नावाऐवजी क्रमांक मिळाला, तो सैनिक आणि मुके जनावर एका हौदाशी येतात. हॅपाबोर त्याला डोक्याने ढकलून देतो.

फॅदियर : चाबकाखालील शर्यत

२०१७ च्या 'द लास्ट जेडाय'मध्ये जनावरांच्या शोषणाचा विषय प्रथमच थेट हाताळला गेला. कँटो बाइट हे शस्त्रविक्रीतून गब्बर झालेल्या धनिकांचे जुगारनगर. तेथे 'फॅदियर' या लांब कानांच्या डौलदार प्राण्यांच्या शर्यती लावल्या जातात. प्रेक्षागारातून वैभव दिसते, तर मागच्या तबेल्यात चाबकाचे वळ आणि राबणारी लहान मुले दिसतात. फिन आणि रोझ ही जोडी तबेल्यातील मुलांच्या मदतीने फॅदियरांना मोकळे करते. स्वतः पकडले जाण्याची वेळ आली असताना रोझ शेवटच्या फॅदियरचे खोगीर उतरवते आणि आता सारे सार्थकी लागले, अशा अर्थाचे बोलते. चित्रपटाचा शेवट त्याच तबेल्यातील झाडू मारणाऱ्या एका मुलावर होतो.

यंत्र थांबते तेव्हा

जनावर हे मागासलेपणाचे चिन्ह, हा समज २०१९ च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये उलटा होतो. अंतिम लढाईत बंडखोर शत्रूच्या युद्धनौकेच्या पाठीवर उतरतात. शत्रूचा सेनापती त्यांची वाहने निकामी करण्याचा हुकूम देतो. उत्तर मिळते, की ते वाहने वापरतच नाहीत. सैन्यातून पळालेले माजी सैनिक 'ऑर्बॅक' या केसाळ प्राण्यांवरून दौडत आलेले असतात. संदेशलहरी रोखून यंत्र बंद पाडता येते, जनावराचे पाय थांबवता येत नाहीत.

या ऑर्बॅकांच्या भूमिकेत खरे घोडे होते. त्यांना केसाळ पोशाख आणि मुखवटे चढवण्यात आले होते. मार्जी हत्तिणीपासून बाहुल्या, प्रतिकृती आणि संगणक असा प्रवास करून चित्रपटकार ४२ वर्षांनी पुन्हा सजवलेल्या जिवंत प्राण्याकडे वळले.

ओझे कोणाचे?

खऱ्या गाढवाचा इतिहासही असाच दुर्लक्षित आहे. आफ्रिकेतील रानगाढव सुमारे ७००० वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत माणसाळवले गेले, असा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून निघाला. व्यापाराच्या वाटा त्याच्या पाठीवरून गेल्या, इतिहासात नावे राहिली ती राजांची आणि घोड्यांची. 'स्टार वॉर्स'मध्येही राजधानीच्या ग्रहावर हवेत तरंगणाऱ्या वाहनांच्या रांगा दिसतात. इओपी, बँथा आणि लगाबीस्ट दिसतात ते शेतकरी, भंगारवेचे, गुलाम आणि परागंदा यांच्या वस्त्यांत. तंत्रज्ञान कितीही पुढे गेले, तरी ते सर्वांपर्यंत पोहोचत नाही. जेथे ते पोहोचत नाही, तेथे अद्याप कोणाच्या तरी पाठीवर ओझे आहे.