घराचे रंग : शोभा आणि किंमत

नवे घर बांधून झाले, की घरात पहिला वाद उभा राहतो तो भिंतींच्या रंगाचा. दिवाणखान्याला पिवळा द्यावा की निळा, निजावयाच्या खोलीला हिरवा शोभेल काय, यावर लहानथोर सर्वांनाच मत असते. हा विषय रुचीचा. त्यात इतिहासाचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु आम्हांस असे दिसते की, भिंतीचा रंग केवळ रुचीने कधीच ठरला नाही. जवळची माती काय देते, बाजारात स्वस्त काय मिळते आणि त्या स्वस्ताईची किंमत अखेर कोणाच्या शरीरातून वसूल होते, या तीन गोष्टींचा तो इतिहास आहे.

प्रथम आपल्याच घराकडे पाहू. आपल्या जुन्या घरांत रंगांची निवड फार थोडी होती. जमीन शेणाने सारवलेली, भिंतीला चुना किंवा पांढरी माती, आणि खाली गेरूचा पट्टा. वारली घरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे उमटत. कळीचा चुना पिंपात भिजत घालावा, त्यात थोडा डिंक टाकावा, पिवळटपणा जावा म्हणून निळीची पुरचुंडी फिरवावी आणि कुंचल्याने हात मारावा, एवढीच ती विद्या. या निवडीत दारिद्र्य होते खरे. पण शहाणपणही होते. माजघर अंधारे असे, तेथे पांढरी भिंत दाराखिडकीतून येणारा थोडका उजेड परतवीत असे. आणि ताज्या चुन्याच्या दाहक गुणामुळे भिंतीवर बुरशी व कीड सहसा टिकत नसे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा नगरपालिकेने चाळींच्या खोल्यांना चुना फासण्याचा सपाटा लावला. प्लेग पसरविणारे उंदीर आणि पिसवा त्या चुन्याने हटले नाहीत, ही गोष्ट निराळी. पण पांढरी भिंत म्हणजे निरोगी भिंत, ही समजूत त्या काळी सरकार आणि रयत या दोघांचीही होती, हे त्यावरून दिसते.

आता रुचीचा पक्ष पाहू. त्या पक्षाला जर्मन कवी ग्योटे याच्याहून मोठा वकील मिळणार नाही. १८१० साली त्याने रंगांच्या उपपत्तीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यूटनवर त्याने त्यात जी टीका केली, ती पदार्थविज्ञानाने मान्य केली नाही. परंतु रंगांचा मनावर होणारा परिणाम त्याने बारकाईने टिपला होता. पिवळा ऊब देतो, निळा खोली प्रशस्त पण थंड आणि रिकामी भासवितो, हिरव्यावर डोळा विसावतो; म्हणून नित्य वावरण्याच्या खोल्यांना बहुधा हिरवा पसंत करतात, असे त्याचे निरीक्षण होते. वायमार येथील त्याचे घर आजही पाहावयास मिळते. तेथे जेवणाची खोली पिवळी, पाहुण्यांची निळी आणि अभ्यासिका हिरवी आहे. ज्या खोलीत काम, तिला त्या कामाचा रंग, हे तत्त्व इतक्या विचाराने पाळलेले घर विरळा.

परंतु डोळ्याला विसावा देणारा हा हिरवा रंग येतो कोठून, हा प्रश्न रुची विचारीत नाही. तो रसायनशास्त्राचा प्रश्न आहे. १७७५ साली शेले या स्वीडिश रसायनज्ञाने तांबे आणि सोमल यांच्या संयोगाने एक तेजस्वी हिरवा रंग सिद्ध केला. १८१४ साली बव्हेरियातील श्वाइनफुर्ट येथे त्याहूनही झळझळीत असा भाऊ त्याला मिळाला. १८३६ साली इंग्लंडमध्ये भिंतीच्या कागदावरील कर उठला, कागद यंत्रावर छापला जाऊ लागला, आणि श्रीमंतांची हिरवी भिंत मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. सोमल घरोघर भिंतीवर चढला, आणि तो शोभा म्हणून!

१८६२ साली लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच कुटुंबातील चार मुले पाठोपाठ दगावली. प्रथम घटसर्प म्हटले गेले. पण एका डॉक्टरास संशय आला. खोलीतील हिरवा कागद तपासला, तो त्यात सोमल भरपूर निघाला. तरीही पंचांनी मृत्यू नैसर्गिक ठरविला. त्या पंचांना आम्ही दुष्ट म्हणणार नाही. जो कागद आपल्याही घरी लावला आहे, तोच मुलांचा मारेकरी आहे असे मान्य करण्यास मोठे धैर्य लागते.

विल्यम मॉरिस हा हस्तकौशल्याचा आणि श्रमिकांचा कैवारी. त्याच्या घराण्याचा पैसा डेव्हन परगण्यातील तांब्याच्या खाणीचा होता, आणि ती खाण पुढे सोमलाची मोठी उत्पादक झाली. त्याच्या आरंभीच्या कागदातील हिरव्या रंगात सोमल होता, हे २००३ साली झालेल्या तपासणीत स्पष्ट झाले. मॉरिसला मात्र ही सारी आवई वाटे. ब्रिटिश पार्लमेंटने अशा कागदावर बंदी कधीच घातली नाही. गिऱ्हाइकेच बिथरली, तेव्हा कारखानदार बिनसोमली कागदाची जाहिरात करू लागले. दमट भिंतीवरील बुरशी या रंगातून वायू निर्माण करते, हे गोसिओ या इटालियन शास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात दाखविले. तो वायू कितपत विषारी यावर वाद झाला आहे. रंगाची धूळ विषारी, यावर वाद नाही.

हिरव्याची कथा संपली, तो पांढऱ्याची सुरू झाली. चुन्याऐवजी शिशाचा पांढरा रंग चकचकीत आणि टिकाऊ. पण १९०४ साली ब्रिस्बेन येथील डॉक्टर गिब्सन यांनी दाखवून दिले की, व्हरांड्याच्या कठड्यावरील रंगाची भुकटी मुलांच्या बोटांना लागते, बोटे तोंडात जातात आणि मुलांना शिशाची बाधा होते. क्वीन्सलंडने १९२२ साली कायदा केला. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर बंदी घातली ती १९७८ साली. आपल्याकडे घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि पुढील वर्षी अमलात आला. ब्रिस्बेनच्या त्या कठड्यापासून आपल्या नियमापर्यंत शंभराहून अधिक वर्षे लोटली. या अवधीत किती मुलांची बोटे तोंडात गेली असतील, याची मोजदाद कोण करणार?

तात्पर्य, जुना चुनाच बरा, असा आमचा आग्रह नाही. ग्योटेच्या घरासारखी रंगीत खोली हा माणसाचा निर्दोष आनंद आहे, आणि तो सर्वांना मिळावा. आमचे म्हणणे इतकेच की, रंग कसा दिसतो हे पाहण्यापूर्वी तो कशाचा आहे हे विचारावे, आणि जुन्या घराची भिंत खरवडण्यापूर्वी तिच्या पोटात कोणता थर दडला आहे याचा विचार करावा. खोली सजविताना आपण आपल्या डोळ्यांच्या उंचीने पाहतो. त्याच खोलीत रांगणारे मूल भिंतीकडे गुडघ्याच्या उंचीवरून पाहते, आणि हाताने चाचपते. घराचा रंग निवडताना त्या उंचीवरूनही एकदा पाहावे.